पिप-पिपचं हार्ड रॉक

३ तारीख, सकाळी सव्वासात
निर्णय पक्का. यंदा आमच्या गाद्यांच्या फॅक्टरीच्या वार्षिक कार्यक्रमात मी गाणार. तेही हार्ड रॉक. गाणं आमच्या लग्नाच्या वेळचं. त्यात सगळं कीबोर्डच, पिप-पिप-पिप. बिचाऱ्या गाण्याला कोणी दणदणीत गिटार दिलीच नाही. ती मी देणार.
मुख्य कारण बायको. लग्नाआधी ती माझ्या आवाजावर भाळली होती. (तिच्या मते नोकरीवर. असो.) बावीस वर्षांत तिने माझ्या गाण्याला एकदाही 'वा' म्हटलेलं नाही. तेवीस तारखेला म्हणेल.

५ तारीख
जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट सलग अकरा वेळा ऐकली. मोठा शोध लागला. हे गाणं मुळातच भारदस्त आहे. संथ, खर्जातलं. माझ्या आवाजाला मापाने शिवल्यासारखं. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, गायकाला बरं नाही का. तिला रॉक कळायला वेळ लागेल.

८ तारीख, जेवणाची सुट्टी
बँड तयार. ड्रम्सवर शिलाई मशीनवाला. वर्षानुवर्षं गाद्यांच्या कडा शिवून त्याच्या हाताला जो वेग बसलाय, तो बसलाय. बास गिटारवर क्वालिटी चेकिंगवाला. डिस्पॅचच्या मॅडम कीबोर्ड आणू का म्हणाल्या. हार्ड रॉकमध्ये त्याला जागा नाही, असं नम्रपणे सांगितलं. तेव्हापासून मालाची चलनं हातात न देता टेबलावर आपटतात.

११ तारीख
पहिली प्रॅक्टिस, तयार मालाच्या गोदामात. गाद्या आवाज खातात. अँपचा आवाज दहावर नेला तेव्हा कुठे मी मला ऐकू आलो.
अडचण एकच. दोघंही गाणं पळवतात, तेही चढ्या सुरात. माझं पहिलं कडवं संपतंय तोवर ते दुसऱ्याच्या मध्यावर. क्वालिटीवाल्याने मोबाईलवर मूळ गाणं ऐकवलं. डेटा वाचवायला मोबाईल गाणी भराभर वाजवतो, हे मी त्याला समजावलं. त्याने मोबाईल खिशात ठेवला. पटलं असावं.

१२ तारीख
उद्यापासून रोज पहाटे पाऊण तास रियाज.

१३ तारीख
रियाज नाही. घसा जपला पाहिजे.

१४ तारीख
घसा जपला.

१७ तारीख
बायकोने मला न विचारता टेपरेकॉर्डर दुरुस्तीला नेला. आतला रबरी बेल्ट सैल झालाय, कित्येक वर्षं सगळं संथच वाजत असणार, असं मेकॅनिक म्हणाला. नवा बेल्ट घातला. कॅसेट लावली. गायक एकदम तरुण झाला. घाईतही होता. बायको हसून हसून खाली बसली.
संध्याकाळपर्यंत विचार केला. आता वेग बदलणं म्हणजे माघार. बँडने माझ्याबरोबर हळू वाजवायचं, असं सर्वानुमते (मी) ठरवलं. ड्रमरने मान डोलावली. त्याची मान तशी नेहमीच डोलते.

२२ तारीख
रंगीत तालीम रद्द. मोठी ऑर्डर आलीय, ड्रमर ओव्हरटाइमला. हरकत नाही, खऱ्या रॉकवाल्यांना तालीम लागत नाही. काळ्या जॅकेटची चेन पोटावर अडते. उघडंच ठेवायचं.
बायकोला विचारलं, येणार ना. बघते म्हणाली. म्हणजे येणार. उद्याही 'वा' आलं नाही, तर पुन्हा विचारायची हिंमत माझ्यात नाही.

२४ तारीख, सकाळी
झालं एकदाचं.
तीनशे माणसं. बायको तिसऱ्या रांगेत. पहिल्याच ठोक्याला ड्रमर जो सुटला तो सुटलाच. क्वालिटीवाला त्याच्यामागे. मी माझ्या वेगाने, तत्त्वाने. पुढच्या रांगेने कानांवर हात ठेवले, म्हणजे आवाज पोचत होता. तीन मिनिटांत त्यांचं गाणं संपलं. दोघं वाकून नमस्कार करून उतरलेसुद्धा.
माझं शेवटचं कडवं शिल्लक होतं. एकट्याने गिटार कशी वाजवायची ते सुचेना, ती बाजूला ठेवली. मग नुसतंच गायलो. हळू, खालच्या सुरात. हॉलमध्ये कोणी खोकलंही नाही.
परत येताना बसमध्ये बायकोने दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाली, वा. गाणं छान झालं. छोटंसं होतं, पण छान.
माझा विश्वास बसेना. छोटंसं कसं, म्हटलं, आणि त्याआधीचं?
त्याआधी माइकचं टेस्टिंग चाललं होतं ना, तिने विचारलं.
मी हो म्हणालो.