टायर रिमवर बसला तेव्हा
सोमवार, जानेवारी १९५६. परळ

सरकारी ट्रॅक्टर आज माझ्या टायरच्या दुकानात आला, मागचा मोठा टायर रिमवरून निसटलेला. ट्रॉलीत वाळूची पोती. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

साबणाचं पाणी लावून हवा भरली, तसा टायर धाडकन रिमवर बसला. हा आवाज गल्लीला रोजचा. कुणी मानही वर करत नाही. पण आज संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघायचा होता. गोळीबार समजून दुकानांच्या फळ्या पटापट लागल्या.

“टायर आहे रे, टायर!” मी ओरडलो. समोरचा दामू शिंपी ओशाळून हसला, फळ्या काढू लागला.

ट्रॅक्टर ती पोती घेऊन नाक्यावरच्या पोलिसांकडे गेला. मीच त्याला चालता केला.

तासाभराने पुन्हा तसाच आवाज. दामू मशीनवरून मान वर न करता म्हणाला, “पुरे कर रे तुझे टायर!”

मी तेव्हा नळावर हात धूत होतो.