तिसरा सिलिंडर आणि माझा अंगठा

राहुरी,
सोमवार, दुपार

प्रिय रुपाली,

‘चि.’ लिहिणार होतो. पण तसं लिहिलं की बाप आपोआप मोठा होतो, आणि या पत्रात मला मोठं व्हायचं नाही. फोन केला असता, तर तुझ्या आईने तो स्पीकरवर टाकला असता आणि शेजारच्या आरतीवहिनी भिंतीपलीकडून मध्ये बोलल्या असत्या. शिवाय दिवाळीपासून तू फोनवर मला ‘आईला द्या’ यापलीकडे एक शब्द बोलली नाहीस. म्हणून कागद घेतला. अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला झालंय, त्याचं कारण शेवटी सांगतो. मधलं गाळून शेवट वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. तसं करू नकोस.

तुझी आई बरी आहे. मी चहा पिताना कपात अंगठा बुडवतो, यावरून रोज बोलणी खातो. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर माझा अंगठा उठत नाही, म्हणून गेले तीन महिने धान्य आणायला तीच जाते आणि परत येऊन मला ऐकवते, ‘तुमी हाय का न्हाई, ते सरकारलाबी कळंना झालंय.’

आता जीपचं. तुला आठवीत गणित शिकवणाऱ्या नृसिंह सरांची जीप अजून आपल्याच गॅरेजात आहे. सरांच्या वडिलांनी घेतलेली, तुझ्या बापापेक्षा वयाने मोठी. येत्या बारा तारखेला सरांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. डोंगरातल्या राजूरला त्यांची पहिली नोकरी, तिथेच पहिला संसार, आणि नीलांबरीबाईंना त्यांनी पहिल्यांदा तिथे नेलं ते याच जीपमधून. तसंच परत न्यायचंय म्हणतात. एसटीने चला म्हटलं तर सर माझ्याकडे असं बघतात की जणू मी पाढा चुकलोय. रोज सकाळी येतात, जीपच्या बॉनेटवर हात ठेवतात, मला ‘कानिफनाथ, बारा तारीख’ एवढंच म्हणतात आणि जातात. चढावर दम सोडणारं इंजिन घेऊन त्यांना राजूरला कसं पाठवू?

दिवाळीत काय झालं ते तू विसरली नसशीलच, पण मी लिहून टाकतो. चारही प्लग काढले, सरांना सेल मारायला लावला आणि एकेका भोकावर अंगठा धरला. पस्तीस वर्षं मी असंच कॉम्प्रेशन बघत आलोय. आत दाब असला की अंगठा फट्कन उडतो. चारही ठिकाणी मला मऊ लागलं. मी निकाल दिला, पिस्टनच्या रिंगा गेल्या. तू मात्र आधी सायलेन्सरशी कान लावून बसली होतीस. म्हणालीस, एकच सिलिंडर चुकतोय, बहुतेक व्हॉल्व्ह जळालाय. दाब मोजायचं गेज लावा, चमचाभर ऑइल टाकून परत बघा. काटा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. आणि मी सरांच्या देखत म्हणालो, ‘सुप्याच्या कारखान्यात डबे जोडणाऱ्यांनी मला इंजिन शिकवू नये.’ तू पिशवी उचललीस आणि फराळाचा डबाही न घेता एसटीला गेलीस. ते वाक्य मी त्या दिवसापासून रोज गिळतोय, खाली उतरत नाही.

मग मी इंजिन खोललं, पण हट्टाने व्हॉल्व्हकडे ढुंकूनही बघितलं नाही. एवढ्या जुन्या गाडीच्या रिंगा मिळेपर्यंत माघ उजाडला. चारही पिस्टनना नव्या रिंगा घातल्या, नारळ फोडला, आणि सर नि मी मुळा धरणाच्या रस्त्याला निघालो. चढ लागला. जीप खोकली, शिंकली आणि मागे यायला लागली. सरांनी चाकाला दगड लावला, मी ढकलत होतो. शेवटी उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून भर बाजारातून ओढत आणली. ट्रॅक्टरवर गाणी जोरात लागली होती. लोकांना वाटलं, मिरवणूक आहे. दोघातिघांनी सरांना नमस्कारही केला.

त्या दिवशी मी तुझं गेज खिळ्यावरून काढलं. पहिल्या पगारातून आणलेलं. तुला वाटत असेल मी ते टाकून दिलं. टाकून नाही दिलं, त्याहून वाईट केलं. दरवर्षी दसऱ्याला पान्यांबरोबर त्याची पूजा केली, झेंडू वाहिला, कुंकू लावलं, आणि पुन्हा खिळ्यावर टांगलं. वापरलं एकदाही नाही. काचेवर कुंकवाचा एवढा थर होता की आकडे दिसेनात. रॉकेल लावून पुसलं.

सरांना सीटवर बसवलं, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरा म्हणालो, आणि सेल मारला. तीन सिलिंडरला काटा निम्म्यावरच लोंबकळला, तिसऱ्याला तर उठेचना. खरं सांगतो, मला आनंद झाला. गेज खोटं आहे म्हणून एक पूर्ण दिवस मी ताठ मानेने फिरलो. दुसऱ्या दिवशी गेजचा खोटेपणा सरांना दाखवायला परत सेल मारला, तेव्हा सहज त्यांच्या पायाकडे नजर गेली. चप्पल पेडलवर नुसती टेकलेली. सरांनी पन्नास वर्षांत अ‍ॅक्सिलेटर कधी निम्म्याच्या खाली दाबलेलाच नाही. पेट्रोल जळतं म्हणे. इंजिनात हवाच पुरी जात नव्हती, काटा कसा चढणार? प्लग काढलेत, पेट्रोल जळणारच नाही, असं मी समजावलं. सर म्हणाले, ‘कळतंय हो, पण पाय ऐकत नाही.’

मग तुझ्या आईला बोलावलं. तिने पदर खोचला, सीटवर बसली आणि पेडल असं दाबलं की माझ्यावरचा सगळा राग तिथेच काढला. वर विचारते, ‘आजून दाबू का?’ पहिला एकशे पंधरा, दुसरा एकशे दहा, चौथा एकशे पंधरा. तिसरा पन्नास. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकलं. पुन्हा पन्नास. काटा तसूभर हलला नाही. हेड खोललं तर तिसऱ्याचा व्हॉल्व्ह उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखा, एका बाजूने जळून गेलेला. तू इंजिन न खोलता, नुसत्या कानाने सांगितलं होतंस. तुझ्या आईने गेज हातात घेतलं, पदराने पुसलं आणि देव्हाऱ्यात नाही, माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवलं.

तू बरोबर होतीस, मी चुकलो. पण एवढ्यासाठी पत्र लिहिलेलं नाही. रुपाली, अंगठा बधिर झालाय. चहाचा चटका कळत नाही, पेन धरलंय की सुटलंय ते बघूनच समजतं. गेल्या पावसाळ्यापासून असंच आहे. डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, नसा मेल्यात. तुझ्या आईलाही अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत त्या भोकांवर अंगठा धरला तेव्हा मला मऊ लागलं नव्हतं, काहीच लागलं नव्हतं. आणि तेवढ्यात तू बोललीस. ओरडलो तो तुझ्यावर नाही. इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं तो अंगठा गेला, या भीतीने ओरडलो. नवा व्हॉल्व्ह आणून ठेवलाय, पण तो घासून बसवायला हाताला कळावं लागतं. माझ्या हाताला आता कळणार नाही. हेड टेबलावर उघडं आहे, त्यावर स्वच्छ फडकं घातलंय. सरांना सांगितलंय, रविवारी रुपाली येईल. तू भोकापाशी बस, गेज तू धर, निकाल तू दे. सीटवर मी बसतो. अ‍ॅक्सिलेटर शेवटपर्यंत दाबीन, आणि तू सोडा म्हणेपर्यंत सोडणार नाही.

तुझाच,
आबा