सुसाटला आज घेऊनच जा

चिमे,

तुझं कासव आज घेऊनच जा. "पुढच्या खेपेला नक्की नेते, बाबा," हे अकरा वर्षं ऐकतोय. तुझी आई होती तोवर निभावलं.

परवा सुसाट खाटेच्या पायावर चढायला गेला आणि उलटा झाला. त्याला सरळ करायला वाकलो, तर माझीच कंबर धरली. दूधवाला येईपर्यंत दोघंही फरशीवर उताणे. त्याने आधी कासवाला सरळ केलं, मग मला. हसू नकोस. सुसाट अजून पन्नास वर्षं जगेल. माझ्यामागे त्याला सरळ करणारं इथे कोण आहे?

तुझ्या जुन्या टेबलाच्या फळ्यांची पेटी करून ठेवली आहे, हवेला भोकं पाडली आहेत. तो आईच्या खाटेखाली असेल. ती गेल्यापासून फिरून फिरून तिथेच येऊन बसतो. त्याला ओढू नकोस, खाट उचल. काकडी हातानेच भरव, ताटलीतली खात नाही. आईने लाडावून ठेवलाय.

मी वर्कशॉपमध्ये आहे, संध्याकाळपर्यंत येणार नाही. थांबू नकोस. मी घरात असलो तर तुला त्याला नेऊ देणार नाही.

बाबा