पिस्तूल परत मागवणारं पत्र

सर, माझ्या पिस्तुलाची मूठ तुम्ही सागवानाची केली होती. परदेशी कंपनीची मूठ माझ्या हाताला मोठी पडायची, म्हणून माझा पंजा कागदावर ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून, तुम्ही चार रविवार लाकूड तासत होतात. मग चाप जड जातो म्हणून आतली खाच कानशीने घासून दिलीत. रायफल क्लबात मी एकटीच मुलगी, आणि तुम्ही वाडीच्या वर्कशॉपात दिवसभर लेथपुढे उभं राहून संध्याकाळी सायकलने आम्हाला शिकवायला येणार. एकदा मी भरलेलं पिस्तूल घेऊन मागे वळले, तर ते काढून घेतलंत आणि महिनाभर मला नुसती कागदी निशाणं चिकटवायला लावलीत.

क्लबचं टपाल मीच उघडायचे. एका मंगळवारी कंपनीचं पत्र आलं. या बनावटीच्या पिस्तुलात सेफ्टीची कळ सरकवताच, चापाला हात न लावता, गोळी सुटू शकते. वापर थांबवा, पिस्तूल परत पाठवा. खाली लिहिलं होतं, आतल्या भागांत बदल केला असल्यास आमची जबाबदारी नाही. पत्र मी पर्समध्ये टाकलं. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. पाच दिवसांत काय होतंय, असं वाटलं.

शनिवारी तुम्ही म्हणता, आण, एकदा पाहून घेतो. तुम्ही गोळी भरता, पिस्तुलाचं तोंड समोरच्या टेबलाच्या फळीकडे खाली धरता, अंगठ्याने कळ सरकवता. आवाज होतो. तुम्ही स्वतःच्या पायाकडे पाहत राहता. फळीतून आरपार गेलेली गोळी तुमच्या घोट्यात आहे.

दवाखान्यात तुम्ही माझीच समजूत काढत होतात. "माह्या कानशीनं झालं हे. तुह्या हातात सुटलं असतं तं?" तेव्हा मी पत्र काढून वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीवर तुम्ही डोळे मिटलेत.

"कधी आलं हे?"

"आज," मी म्हटलं.

कंपनीला पाठवायच्या कागदावर तुम्ही स्वतः घासलेला एकेक भाग मला लिहायला लावलात, काही लपवू दिलं नाही. पिस्तूल दुरुस्त न होता परत आलं. चूक त्यांची की तुमची, ते कुणीच लिहिलं नाही. तुम्ही मात्र ती आपलीच धरलीत. घोटा जुळला नाही, लेथ सुटला. शेवटची नऊ वर्षं ट्रान्सपोर्टच्या गोदामापुढे स्टुलावर बसून ट्रकांचे नंबर लिहीत होतात. मी भेटायला आले की माझी क्षमा मागायचात, आणि मी ती ऐकून घ्यायचे.

तुम्ही गेलात. तुमची मुलगी अजून वाडीलाच राहते. कंपनीचं ते पत्र आणि मी लिहिलेले हे कागद तिला द्यायला मी दोनदा निघाले. दोन्ही वेळा बस आली, थांबली, आणि मी चढले नाही.