जवळ्याच्या धुळीचं मी काय केलं

प्रिय आये,

तुला जाऊन दोन वर्षं होत आली. लिहितेय मात्र आज, कारण काल पवईच्या मीटिंगमध्ये मी तुझ्याविरुद्ध बोलले. दुसऱ्या कुणाला हे सांगायची हिंमत नाही.

सरकारी समितीवर माझी नेमणूक झाली तेव्हा तू विचारलं होतंस, "कंच्या रोगावं आदी काम करायचा, ता तुमी कसा ठरवता गो?" मी ऐटीत सांगितलं, किती माणसं आजारी पडली, किती गेली ते आकडे बघतो, गुण देतो, वरच्या विषयांना संशोधनाचा निधी मिळतो. सुका जवळा पाखडता पाखडता तू खोकलीस आणि म्हणालीस, "आनि आमाना मोजला कोनी?"

मी हसण्यावारी नेलं. किती शहाणी समजत होते मी स्वतःला!

काल तोच विषय आला बघ. रत्नागिरीकडच्या एका डॉक्टरबाईंचा प्रस्ताव होता, सुकी मच्छी पाखडणाऱ्या बायकांच्या दम्यावर. अध्यक्षांनी माझ्याकडेच बघितलं. "मॅडम, तुम्ही वेसाव्याच्या ना? खरंच एवढा त्रास आहे का हा?"

आणि मी म्हणाले, "पुरेशी आकडेवारी नाही, सर." स्वतःच्या घरचं पुढे दामटतेय असं कुणी म्हणू नये म्हणून! विषय यादीतून गेला. पुढच्या विषयावर मी मस्त बोललेसुद्धा.

घरी येऊन डॉक्टरांनी दिलेला तुझ्या मृत्यूच्या कारणाचा दाखला कपाटातून काढला. कारण, हृदयविकार. आये, डॉक्टरांनी मला विचारलं होतं गं, दमा होता का म्हणून. मी म्हटलं, "थोडाफार. वय झालं होतं." माणसं दारात खोळंबली होती, मला उरकायचं होतं. उशीला टेकून बसल्याशिवाय तुला श्वास मिळत नव्हता आणि मी थोडाफार म्हणाले! आकडेवारी कुठून असणार? तुझा आकडा तर मीच खोडला.

तू तरी एवढं का सोसलंस? दवाखान्यात चल म्हटलं की तुझं ठरलेलं, "जवल्याची धूल हाय ती." बाजारात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तू सोडायची नाहीस. मला बरं सोडलंस! एकदा खडसावायचं होतंस.

यादी अजून कच्ची आहे. सोमवारपर्यंत लेखी मत देता येतं. मी चुकीचं बोलले हे मी लिहिणार आहे, का बोलले तेही. तुझ्यासोबत पाखडायला बसणाऱ्या शेवंतीमावशीला आणि बाकीच्या बायकांना तपासायला मी स्वतः नेणार आहे, कितीही कुरकुरल्या तरी.

मॅडमचा यात वैयक्तिक संबंध आहे, त्यांना मतदानातून वगळा, असं म्हणतील. वगळू देत. पण मग तो संबंध काय, हे इतिवृत्तात नोंदवावं लागतं. वचन देते आये, तिथे लिहिलेलं असेल: सदस्याची आई वेसाव्याला जवळा पाखडायची. दम्याने गेली.

तुझी,
हेमा