जर्मन तत्त्वज्ञ आणि न फुटलेली सुपारी

नांदेड, मंगळवार

ती. वसंतराव दाजी यांस,

धाकटा मेहुणा दयानंदचा शिरसाष्टांग. तुमचा गुडघा आणि ताईचा राग, दोन्ही उतरणीला असतील अशी आशा. इकडं क्षेम आहे; म्हणजे मोटारपंपांचं दुकान चालू आहे आणि आमच्या पोरीचं, मनस्विनीचं लग्न बंद आहे.

स्थळ तुम्ही आणलेलं, म्हणून तुम्हालाच सांगतो. लातूरचे तुमचे प्राध्यापक आलोक पहिल्या भेटीत एका जर्मन तत्त्वज्ञावर तासभर बोलले. (नाव दोनदा सांगितलं, दोनदा माझ्या घशात अडकलं.) त्या बाबाचं तरुणपणीचं म्हणणं असं, की लोक काय म्हणतात ते सोडा, मरण समोर ठेवा आणि आपलं आपण ठरवा. मला पटलं. दहावी नापास होऊन मी दुकान टाकलं ते याच शास्त्रावर, फक्त जर्मनीला कळवायचं राहिलं. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. भोकरहून दोन जीपा भरून भावकी आली.

सुपारी पाटावर ठेवली, भावकीतल्या थोरल्या श्रीमंतकाकांनी दगड उचलला, आणि आलोक म्हणाले, "थांबा." त्याच बाबानं म्हणे पुढं विचार बदलला : माणसानं ठरवायचा हट्ट सोडावा, वाट बघावी, जे आहे ते आपोआप उलगडतं.

"म्हंजे सुपारी आपोआप फुटती व्हय?" काका म्हणाले. सगळी भावकी सुपारीकडं बघत बसली. फुटली न्हाई. मी विचारलं, पहिलं खरं की नंतरचं? तर विद्वानांत वाद आहे म्हणे. काहींच्या मते तो बदल नव्हे, त्याच रस्त्याचं वळण आहे.

"जळकोटच्या रस्त्याला बी वळणं हायत," काका म्हणाले, "म्हणून कुणी जीप उभी करून खाली बसत न्हाई."

(माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. थोड्या वेळापूर्वीच ओसरीत आलोकच्या मातोश्री त्यांच्या कानात कुजबुजल्या होत्या, "चाकूरची पोरगी सरकारी नोकरीत हाय. आज हो म्हणू नकोस." तेव्हा ते वळण जर्मनीत नव्हतं, चाकूरला होतं.)

तेवढ्यात मनस्विनी बाहेर आली. हातात त्या बाबाच्या उतारवयातल्या लेखांचं पुस्तक, आलोकनीच पहिल्या भेटीत दिलेलं. "सर, वाट बघायची म्हणजे दिलेला शब्द फिरवायचा, असं यात कुठं लिहिलंय? मला तर सापडलं नाही."

आलोक म्हणाले, तो भाग अजून वाचायचा राहिलाय.

भावकी जेवून गेली.

आपला,
दयानंद

ता.क. स्थळ मोडल्याचं आलोकच्या घरी तुम्हीच कळवा. तोंड गोड ठेवून.

ता.क. २. खरं काम राहिलंच. पोरीला ते पुस्तक लई आवडलंय. तत्त्वज्ञानात एम.ए. करते म्हणते, तेही लातूरलाच. मी नको म्हणून बघितलं. माझं ऐकायचे दिवस गेले. तर तुमची माडीवरची खोली रिकामी करून ठेवा. शिकवायला आलोकच आहेत. त्यांना म्हणावं, ती पहिल्या बाकावर बसते.