तळघरातला उकाडा

३ मे
बसमधून उतरले, तर फेलिक्सस घोडागाडी घेऊन हजर. "ब्रोने, बिअर गाळता येते, की नुसतीच पिता येते?" म्हणाला. दोन्ही येतं, म्हटलं. मी कामाला आले त्या घरात हा आणि थोरला लिउडविकस, दोघे भाऊच, बिनलग्नाचे. घरी बिअर करतात आणि गावच्या लग्नांना, मयतांना पुरवतात. माझी पेटी उतरायच्या आत थोरल्या लिउडविकसनी तळघर दाखवायला नेलं. आत शाल घ्यावी लागली. लाकडी पिंपं ओळीनं आडवी ठेवलेली. बिअर इथे गारव्यात मुरते. ऊब लागली की आतलं यीस्ट पुन्हा जागं होतं, वायू कोंडतो आणि पिंप फुटतं. म्हणून दार सदा बंद ठेवायचं, असं त्यांनी बजावलं. मग एका पिंपाला कान लावून ऐकत बसले. "दादाला बायको मिळाली नाही ना, म्हणून," फेलिक्सस हसत म्हणाला. तळघरातला पारा रोज बघायचं काम माझ्याकडे. तो इथेच टिपणार, म्हणून ही वही एप्रनच्या खिशात असते. रात्री उकडलेले वाटाणे आणि धुरी दिलेलं डुकराचं मटण. फार दिवसांनी पोटभर जेवले.

१९ मे
उन्हाळा लवकर आला. पारा आठावर हवा, तेरावर आहे. तळघराच्या दाराला कुणीतरी वीट लावून ते उघडं ठेवतं. मी काढते, दुपारी पुन्हा तिथेच. लिउडविकस म्हणतात, हे धाकट्याचं काम, त्याला बिअर झटपट विकायचीय. फेलिक्सस म्हणतो, दादाला आता विसर पडतो. जेवताना दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

२ जून
लिउडविकस कान लावून वाकले होते आणि पिंप फुटलं. लोखंडी कडं तोंडावर बसलं. जबडा लोंबत होता, मी टॉवेलनं धरून ठेवला. डावा डोळा गेला. फेलिक्सस दारात उभा होता. त्यानं पायानं वीट बाजूला सारली. मी पाहिलं. इस्पितळात डॉक्टरांना सांगून टाकलं. ते पोलिसांना कळवणार आहेत.

१४ जून
लिउडविकस घरी आले. जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाही. दुपारी त्यांनी फेलिक्ससचा हात पिंपावर दाबला आणि लाकडी हातोड्यानं बोटं फोडली. एकेक करून. फेलिक्ससनं हात ओढला नाही. मग दोघं जेवायला बसले. थोरल्यांना मी नळीनं सूप दिलं, धाकट्याला पाव मोडून दिला.
"आमचं फिटलं, ब्रोने," फेलिक्सस म्हणाला. "पोलिसांना काय सांगणार आता?"
पाहिलं तेच, म्हटलं.
लिउडविकसनी नळी तोंडातून काढली. एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिले.

१५ जून
पोलिस उद्या येणार. मी आजच्याच बसनं निघते, जबाब ठाण्यातच देईन. पेटी बांधली. लिउडविकस खुणावतायत — शेवटचा पारा बघून ये.

तळघरात उतरले, तर बाहेरून कडी घातली. दोघांची पावलं, सोबतच.

भिंतीतली भट्टी तापतेय. थंडीत बिअर गोठू नये म्हणून असते ती. तिचं तोंड बाहेर आहे. "दादा, ओलं नको, सुकं लाकूड दे" — फेलिक्ससचा आवाज.

पारा तिसावर. पिंपं करकरतायत.

एक फुटलं. फळी मांडीत घुसली — रक्त थांबत नाही —

बुचं काढली तर पिंपं फुटणार नाहीत. पण वायू जड, खाली साठतो, माणूस गुदमरतो. तीन काढली. जमिनीवरची मेणबत्ती विझली. पायरीवर चढलेय, दाराच्या फटीतल्या उजेडात लिहितेय —

दार बडवलं. फेलिक्सस अगदी प्रेमानं म्हणाला, "बुचं लाव गं, ब्रोने. बिअर मरते अशानं."

श्वास पुरत नाही. मोठ्या पिंपाची पुढची फळी फुगलीय, माझ्याच बाजूला — खाली उतरून बूच काढलं तर — नाही काढलं तर —

उतरते. हात पोचतोय — बूच हलतं —